अठरा नखं

पाठीवर पान पडलं आणि ‘आभाळ पडलं, पळा पळा’ म्हणत सशाने रान उठवलं, ही गोष्ट आपल्याकडे बहुतेक मुलांच्या कानावरून गेलेली असते. जातककथांतही ती आहे. तिथे ताडाच्या पानावर बेलफळ पडतं आणि सशामागून बाकीची जनावरं धावत सुटतात. गोष्टीच्या शेवटी सगळे सशाला वेड्यात काढतात. आमची सशीण भुरी घरी आल्यापासून मला ते पटेनासं झालं आहे. ज्याच्यावर कोल्हा गवतातून झेपावतो आणि गरुड वरून, त्याने अंगावर पडणाऱ्या प्रत्येक पानाला आधी आभाळच समजायला हवं. पान आहे की आणखी काही, हे बघत थांबलेल्या सशांचा वंश पुढे चालला नाही. भुरी पळालेल्यांच्या वंशातली आहे.

नखं कापायच्या दिवशी हे भय हाताला लागतं. पंच्यात गुंडाळून तिला पोटाशी धरलं की तिचं काळीज माझ्या तळव्यावर आपटत राहतं. सशाचं हृदय निवांत असतानाही मिनिटाला २००च्या आसपास ठोके देतं. भ्याल्यावर ठोका वेगळा कळतच नाही, नुसती थरथर जाणवते.

तरी कापावी लागतात. पाळीव ससा आपल्या माळरानावरच्या सशाचा वंशज नव्हे. आपला रानससा बीळ खणत नाही. गवत दाबून अंगापुरती जागा करतो आणि वेळ आली की पायांवर भरवसा ठेवतो. भुरीचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, जमिनीखाली बिळांचं जाळं विणणारे. तिची नखं त्या मातीच्या हिशोबाने वाढतात, आणि आमच्या फ्लॅटमध्ये माती नाही, गुळगुळीत फरशी आहे. न झिजलेलं नख बोट वाकडं करतं, भार टाचेवर जातो, टाचेची लव झडते आणि तिथे जखम होते. मांजराच्या पावलाला गादी असते. सशाच्या तळव्याला फक्त दाट लव. तिला फरशीवर आणलं आपण, तेव्हा महिन्या-दीड महिन्याने मातीचं काम करणंही आपल्याकडेच आलं.

पुढच्या पायांना पाच-पाच नखं, मागच्यांना चार-चार. पुढचं पाचवं नख आतल्या बाजूला जरा वर असतं, लवेत दडतं आणि विसरलं की वाकडं वाढतं. पांढऱ्या सशाच्या नखात गुलाबी जिव्हाळी उघड दिसते. भुरीची नखं काळपट, म्हणून नखामागे मोबाईलचा टॉर्च धरायचा. आत गडद भाग जिथे संपतो, त्याच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर सोडून फक्त टोक घ्यायचं. शेजारी वाटीत कॉर्नफ्लॉवर असतं. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर लावून कापसाने दाबून धरायचं.

याहून सोपा एक उपाय लोक सांगतात. ससा उताणा करा, गप्प पडतो. खरोखरच पडतो. पाय सैल, नजर स्थिर. बघणाऱ्याला वाटतं, काय छान विसावलाय. तो विसावलेला नसतो. शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेला जीव शेवटचा मार्ग म्हणून मेल्यासारखा पडून राहतो, ते हे. अंग निश्चल, आत भीती शिगेला पोचलेली. आणि भान येताच तो जी लाथ झाडतो, ती त्याच्याच जिवावर बेतू शकते. मांजराचा सांगाडा त्याच्या वजनाच्या १२-१३ टक्के भरतो, सशाचा जेमतेम ८. त्यावर मागच्या पायांचे स्नायू दणकट. अधांतरी झाडलेल्या एका लाथेने सशाचा स्वतःचा कणा मोडू शकतो. म्हणून भुरीला मी उताणी करत नाही. तिने पाय ओढून घेतला तर मला ते कळतं, मी थांबू शकते. गप्प पाडलेला ससा हे काहीच सांगू शकत नाही.

आमच्याकडे हे काम दोघींचं आहे. सासूबाई भिंतीला टेकून सतरंजीवर बसतात, टेबलावर नाही, कारण उडी मारली तरी उंचीवरून पडायला नको. भुरीची पाठ त्यांच्या पोटाशी, मागचे पाय त्यांच्या हातावर टेकलेले, समोर कोथिंबिरीची काडी. माझ्या लेकीची नखं तान्हेपणी त्यांनीच कापली, ती गाढ झोपल्यावर. ससा तर उघड्या डोळ्यांनीही झोपतो, तेव्हा ती सोय इथे नाही. तिन्हीसांजेला नखं कापायची नाहीत हा त्यांचा जुना नेम भुरीलाही मानवतो. ससे पहाटे आणि संध्याकाळीच हुंदडतात, दुपारी सुस्तावतात. उन्हाळ्यात मात्र आम्ही सकाळच गाठतो. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांवाटे जाते, आणि दुपारच्या उकाड्यात त्यावर भीतीची भर घालणं मला क्रूर वाटतं.

“अगं थांब, कान बघ तिचे,” सासूबाई म्हणतात. कान पाठीला घट्ट चिकटलेले, डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसू लागलेलं.

“हो आई, थांबले.”

मग पंचा सैल होतो. भुरी उतरते, मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटते आणि पलंगाखाली जाते. बिळातल्या बाकीच्यांना सावध करायची ती हाक; इथे ती ऐकायला आम्ही दोघीच असतो. कधी एकाच पंजाचं काम झालेलं असतं, कधी दोन्ही. उरलेलं मी रेटून नेत नाही. भीतीने ससा खाणं सोडतो, खाणं थांबलं की आतडी मंदावतात, आणि दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर रात्र असो की सुट्टी, डॉक्टरांकडेच न्यावं लागतं.

म्हणून झोपण्याआधी मी वाळलेल्या गवताची टोपली बघते, पलंगाखाली वाकून लेंड्या बघते. गोल, कोरड्या, नेहमीच्या आकाराच्या असल्या, तर मागच्या पायांची आठ नखं उद्या दुपारी घ्यायला हरकत नाही.