फॉर्मल नाइट आणि मास्तरांचा कोट

क्रूझवरच्या फॉर्मल नाइटला पुरुषांनी काय घालावं, हा प्रश्न आमच्या वाशिम जिल्ह्यात सहसा कोणाला पडत नाही. समुद्र आमच्यापासून लांब. जवळचं मोठं पाणी म्हणजे पैनगंगा, आणि उन्हाळ्यात तीसुद्धा पाण्यापेक्षा वाळूच जास्त दाखवते. पण ऑफिसात हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. सिंगापूरच्या क्रूझ होत्याच, २०२१ मध्ये मुंबईहूनही कॉर्डेलियाची बोट सुटायला लागली, आणि आयटीतली पोरं आईवडिलांना फिरवायला बोटीवर नेऊ लागली. मीही नेलं. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. सिंगापूरहून निघायचं, चार रात्री, त्यातली एक फॉर्मल.

बुकिंगबरोबर एक पीडीएफ आली. त्यात बायकांसाठी एक ओळ होती आणि पुरुषांसाठी अख्खा परिच्छेद. टक्सीडो किंवा गडद सूट, टाय किंवा बो, बंद बूट. हे ज्यांना जमणार नाही त्यांनी त्या रात्री मोठ्या डायनिंग हॉलऐवजी वरच्या मजल्यावर बुफेत जेवावं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांनी ती पीडीएफ प्रिंट काढून मागितली, पेन्सिल घेऊन वाचली, एका ओळीखाली रेघ मारली आणि म्हणाले, "तुम्ही जा तिकडं. मी त्या दिवशी खोलीतच खाईन काहीतरी." मी म्हटलं, बाबा, सूट शिवून घेऊ. तर म्हणे, "मले या वयात नवरदेव नको बनवू बाप्पा."

आता यातली गोम अशी की आमच्याकडे सूट दिसतो तो फक्त नवरदेवाच्या अंगावर. लग्नं एप्रिल-मेमधली, पारा चव्वेचाळीसला टेकलेला, आणि भाड्याच्या थ्री-पीसमधला नवरदेव पंख्यासमोर उभा राहून घाम पुसतोय. त्यामुळे सूट म्हणजे सोंग, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलेलं. बाबांना कपड्यांची समज नव्हती असं मुळीच नाही. पंधरा ऑगस्टला किंवा शाळा तपासायला साहेब येणार त्या दिवशी त्यांचा पांढरा शर्ट असा कडक असायचा की घडीवर बोट कापावं! चारचौघांत जाताना नीट जायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. त्यांना भीती होती ती दुसऱ्याची नक्कल केल्यासारखं दिसण्याची. आणि ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस, त्यातलाच एक माणूस केबिनमध्ये एकटा जेवणार असेल, तर मग ती ट्रिप कशासाठी?

म्हणून मी जरा वाचायला घेतलं. (सवयच आहे, बग दिसला की लॉग वाचायचे.)

टक्सीडो हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या गावावरून पडलं. १८८६ च्या सुमाराला तिथल्या श्रीमंत मंडळींत संध्याकाळच्या जेवणाला लांब शेपटीच्या कोटाऐवजी आखूड कोट घालायची पद्धत आली. म्हणजे आज ज्याचा आपण इतका धसका घेतो, तो कोट जन्माला आला तेव्हा 'जरा सैलावलेला' वेश होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, आपल्याकडे दोन गोष्टी घडल्या. सप्टेंबरात अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेच्या बोटीत बसले. बोटीवर ते काळा सूट घालत, आणि मित्रांनी घेऊन दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट त्यांनी किनाऱ्यावर उतरतानासाठी राखून ठेवला होता. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आलेला, आणि पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. काटे-चमचे वापरता येत नव्हते म्हणून बोटीवर ते डायनिंग टेबलावर जातच नसत, घरून नेलेलं केबिनमध्येच खात. हे वाचलं आणि मला थेट बाबांचं "खोलीतच खाईन" आठवलं.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या २ मार्चची, पुण्यातली. हरी रावजी चिपळूणकरांनी राणी व्हिक्टोरियाच्या मुलासाठी, ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी, मेजवानी ठेवली होती. अस्सल फॉर्मल नाइट! सगळे दागदागिने आणि भरजरी कपडे घालून आलेले, आणि जोतीराव फुले आले शेतकऱ्याच्या वेशात. खरी रयत खेड्यात आहे, या झगमगाटावरून देशाची पारख करू नका, असं त्यांनी भाषणात सुनावलं.

पुढे त्याच गांधींनी १९३१ मध्ये पंचा आणि शाल अशा वेशात बकिंगहॅम पॅलेसमध्ये पंचम जॉर्जच्या चहाला हजेरी लावली. पण काळा सूट ते पंचा या प्रवासाला त्रेचाळीस वर्षं लागली, आणि तो पंचासुद्धा विचार करून निवडलेला होता.

हे सगळं थोर लोकांचं. आपल्याला ना ड्यूकला काही सुनवायचंय, ना साम्राज्य हलवायचंय. आपल्याला आईसोबत जेवायचंय. पण ड्रेसकोड माणसाला दाराबाहेर ठेवू शकतो हे खरंच आहे. २०१४ च्या जुलैमध्ये चेन्नईतल्या एका क्लबने मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हरिपरंथामन यांना वेष्टी नेसली म्हणून आत सोडलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात तामिळनाडू विधानसभेने अशी बंदी मोडणारा कायदा केला. त्यामुळे "एवढं काय, घालायचा एक दिवस सूट" असं म्हणणं मला पटेना. आणि "आम्ही येऊ तसे येऊ, हाफपँटीत येऊ" हेही पटेना. यजमानाने पांढरा टेबलक्लॉथ अंथरलाय, तर आपणही थोडी मेहनत घ्यावी. ड्रेसकोडमधली रास्त मागणी इतकीच आहे, असं मला वाटतं. ती मेहनत कुठल्या देशाच्या शिंप्याने शिवली याला महत्त्व नसावं.

आईला हा प्रश्नच नव्हता हे बघा. तिने पैठणी काढली, विषय संपला. जगातल्या कुठल्याही फॉर्मल जेवणाला साडी चालते. घोळ असतो तो पुरुषांचा.

मी कंपनीला मेल टाकली: भारतीय राष्ट्रीय पोशाख, बंद गळ्याचा कोट, चालेल का? दोन दिवसांत उत्तर आलं, अवश्य. (रिक्वायरमेंट नेहमी लेखी घ्यावी!) पण बाबांना 'जोधपुरी' म्हटलं तर ते परत नवरदेवावर गेले असते. मग घरातल्या भिंतीवरचा त्यांच्या सातवीचा ग्रुप फोटो दाखवला. मधल्या खुर्चीवर हेडमास्तर बसलेले, धोतर, काळी टोपी, आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. बाबांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. "हा तर आमच्या मास्तरांचा कोट हाय." म्हटलं, तोच शिवायचाय. बाबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच टेलरकडे माप द्यायला गेले.

तर मंडळी, ज्यांचं बुकिंग झालंय त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी:

रंग गडद आणि एकरंगी घ्या, काळा किंवा नेव्ही ब्लू. जर, खडे, चमकी नको. शेरवानी लग्नासाठी राहू द्या. कुर्ता आणि नेहरू जाकीट बाकीच्या संध्याकाळी छान दिसतं.

खांद्याचं माप नीट बसलं पाहिजे. कंबर नंतर उसवता येते, खांदा सहजी सुधारत नाही. कॉलर लावल्यावर आत दोन बोटं गेली पाहिजेत, नाहीतर सूप गिळताना जीव जाईल.

काळे लेसचे बूट, काळे मोजे. कोट कितीही भारी असला तरी खाली सँडल आली की सगळं मुसळ केरात.

आगीच्या भीतीने बहुतेक बोटींवर केबिनमध्ये इस्त्री वापरू देत नाहीत. घरून इस्त्री करून न्या, पोचल्याबरोबर हँगरला लावा. चुण्या राहिल्याच तर बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत थोडा वेळ टांगा.

कापडाच्या उबेची काळजी नको. बाहेर कितीही उकडत असलं तरी डायनिंग हॉलमधला एसी बोचतो.

आणि शेवटचं: तो वेश घालून घरी एकदा पूर्ण जेवण जेवून बघा. बसता, जेवता, बोलता आलं तर तो वेश तुमचा. नाहीतर दुसरा बघा.

त्या रात्री बाबा दोन तास टेबलावर बसले. शेजारच्या टेबलावर एक ऑस्ट्रेलियन आजोबा होते, गव्हाची शेती करणारे. त्यांनी स्वीट डिश येईपर्यंत बो सोडून खिशात टाकला होता. बाबांनी मात्र एक बटण उघडलं नाही. माझ्यामार्फत दोघांचं गहू आणि सोयाबीनच्या भावावर बोलणं झालं. भावाच्या बाबतीत दोघंही सारखेच नाराज निघाले. आई मधेच म्हणाली, "बरे दिसता तुम्ही." बाबांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

तो कोट आता वाशिमला कपाटात आहे. यंदाच्या २६ जानेवारीला बाबा तो घालून जुन्या शाळेत झेंडावंदनाला गेले. संध्याकाळी फोनवर विचारलं, काय म्हणाले लोक? म्हणे, "लोकांचं सोड. हेडमास्तर असते तर म्हणले असते, टोपी कुठं हाय रे तुही?"