एका रस्त्याची भाषांतरे

भाषांतराचा गुण कशावरून ठरवावा, हा प्रश्न आमच्या पेशातील लोकांस नवा नाही. शब्द राखावा की भाव राखावा, छंदासाठी अर्थाला मुरड घालावी की अर्थासाठी छंद सोडून द्यावा, याविषयी वर्गात बोलण्यात आमची बरीच वर्षे गेली. परंतु या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आम्हांस एखाद्या काव्यग्रंथात न सापडता मोटारीच्या एका खेळात सापडले, असे सांगितल्यास प्राध्यापकाला हे शोभत नाही, असे काही वाचकांस वाटेल. त्यांना आमची विनंती एवढीच की, निकाल देण्यापूर्वी त्यांनी पुरावा ऐकून घ्यावा.

खेळाचे नाव ‘आउट रन’. जपानातील सेगा कंपनीने तो १९८६ साली बाहेर काढला, आणि यू सुझुकी हे त्याचे कर्ते. नाणे टाकून यंत्रावर खेळावयाच्या जागेला आर्केड म्हणतात. तेथील गिऱ्हाइकासाठी तो रचलेला होता. त्यातील साहित्य अगदी थोडे आहे. उघड्या टपाची एक तांबडी फेरारी, चालकाशेजारी सोनेरी केसांची एक तरुणी, समुद्राकाठचा रस्ता आणि डोक्यावर धावणारे घड्याळ. घड्याळ संपण्यापूर्वी टप्पा गाठला, तर पुढच्या टप्प्यासाठी वेळ मिळतो. टप्प्याच्या शेवटी रस्त्याला दोन फाटे फुटतात, आणि डावीकडे वळावे की उजवीकडे, हे भरधाव गाडीतच ठरवावे लागते. एकंदर टप्पे १५. परंतु एका प्रवासात त्यांतील पाचच दिसावयाचे. शेवटची मुक्कामे पाच, आणि तेथवर पोहोचण्याच्या वाटा १६. निघण्यापूर्वी मोटारीतल्या रेडिओची कळ फिरवून हिरोशी कावागुची यांनी रचलेल्या तीन सुरावटींपैकी एक निवडावयाची, की प्रवास सुरू.

याला लोक सर्रास शर्यतीचा खेळ म्हणतात. सुझुकी यांनी मात्र ही शर्यत नसून गाडी चालविण्याचा खेळ आहे, असे आग्रहाने सांगितले आहे, आणि खेळ पाहता त्यांचेच म्हणणे खरे वाटते. रस्त्यावरील इतर मोटारी येथे प्रतिस्पर्धी नाहीत. त्या आपल्या वाटेने जाणाऱ्या इतरांच्या गाड्या आहेत. ‘कॅननबॉल रन’ या अमेरिकन चित्रपटावरून सुझुकींना मूळ कल्पना सुचली होती. परंतु अमेरिकेतील लांबच लांब रस्ते एकसुरी वाटल्यामुळे त्यांनी युरोपची वाट धरली, आणि तेथे मोटारीने हिंडून देखावे टिपून आणले. आल्प्स, द्राक्षमळे, गव्हाची शेते, जुनी राजधानी अशी टप्प्यांची नावेच सांगतात की, हे एक प्रवासवर्णन आहे. तेव्हा या कृतीचा प्राण आमच्या मते तीन गोष्टींत आहे: न थांबणारा रस्ता, फाट्यावरची निवड आणि सोबतीचे गाणे. पुढे जी रूपांतरे तपासावयाची आहेत, त्यांना आम्ही हीच कसोटी लावू.

रूपांतरांची गरज का पडली, हे सांगण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. आर्केडमधील पेटीत मोटोरोला कंपनीचे ६८००० जातीचे दोन प्रोसेसर होते, आणि चित्र लहानमोठे करण्यासाठी खास निराळी यंत्रणा होती. दूरवर ठिपक्याएवढे दिसणारे झाड एकाच चित्रापासून क्षणाक्षणाला मोठे होत होत अंगावर येई व बाजूने निघून जाई. रस्ता आडव्या रेघांनी बनलेला असे. त्यांतील प्रत्येक रेघ किंचित सरकविली की वळण तयार होई. सर्वांत महागड्या पेटीचा आकारच मोटारीसारखा होता. चाक फिरवावे त्या अंगाला सारी बैठक झुके. घरगुती यंत्रांपाशी यांतले काहीच नव्हते. तरीही लोकांना हा रस्ता घरी हवा होता. या धंद्यात अशा रूपांतराला ‘पोर्ट’ म्हणतात. आम्ही त्याला भाषांतरच म्हणणार आहो.

आमच्या पिढीतील अनेकांप्रमाणे आम्हीही भाषांतर आधी पाहिले आणि मूळ नंतर. सिंक्लेअरचे स्पेक्ट्रम हे यंत्र डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन भारतात विकावयास काढले होते. असेच एक यंत्र एका स्नेह्याकडे होते, आणि त्यावर आम्ही ‘आउट रन’ प्रथम पाहिला. मोटार होती, तरुणी होती, झाडेही होती. परंतु फेरारीचा तांबडा रंग गेला होता. या यंत्रावर आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद अशा चौकोनात दोहोंहून अधिक रंग बसत नसत. त्यामुळे भाषांतरकाराने रस्ता, झाडे व मोटार ही सगळी एकाच रंगाच्या भूमीवर काळ्या रेघांनी काढली. हा त्याग शहाणपणाचा होता. रंग हट्टाने राखले असते, तर झाडाचा रंग मोटारीला आणि मोटारीचा रस्त्याला लागून साऱ्याचा काला झाला असता.

खरी अडचण पुढे होती. ४८ किलोबाइटांच्या स्मृतीत सारा रस्ता मावत नव्हता. म्हणून प्रत्येक टप्पा कॅसेटवरून निराळा भरून घ्यावा लागे. फाटा आला, वळण घेतले, की गाडी थांबावयाची. मग टेपरेकॉर्डर सुरू करून त्याचा किंचाळता आवाज ऐकत बसावयाचे. एखादे कादंबरीवाचन प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुस्तकविक्याकडे जाऊन पुढचे प्रकरण विकत आणावयाच्या अटीवर चालावे, तसा हा प्रकार होता. डेखाव्याची आठवण राहिली आणि ओघ गेला. जी गोष्ट या खेळाचा प्राण, तिच्यावरच घाव पडला.

तथापि या भाषांतराचा एक प्रामाणिकपणा आम्हांस अजून आदरणीय वाटतो. ब्रिटनमधील यू. एस. गोल्ड या प्रकाशकाने १९८७ मध्ये घरगुती संगणकांसाठी जी आवृत्ती काढली, तिच्या खोक्यात खेळाबरोबर आणखी एक कॅसेट दिलेली असे. तिच्यावर आर्केडमधील मूळ संगीत होते. स्पेक्ट्रमच्या चिमुकल्या भोंग्यातून ते गाणे निघणे शक्य नव्हते; तेव्हा ते निराळ्या टेपरेकॉर्डरवर लावावे आणि खेळ खेळावा, अशी ही योजना. एखाद्या भाषांतरकाराने ‘हे गीत माझ्याच्याने उतरले नाही’ असे कबूल करून पुस्तकाच्या शेवटी मूळ गीतच छापून द्यावे, तसे हे झाले. भाषांतराच्या इतिहासात अशी कबुली फार विरळा.

आता दुसरे भाषांतर पाहा. सेगाने स्वतःच आपल्या मास्टर सिस्टिम या घरगुती यंत्रासाठी १९८७ मध्ये ते केले. हे यंत्रही दुबळेच. चित्र लहानमोठे करण्याची सोय त्यात नाही. म्हणून प्रत्येक झाडाची चारदोन मापांची चित्रे आधीच काढून ठेवली, आणि झाड जवळ येऊ लागले की एक काढून दुसरे लावले. परिणामी झाडे सरळ येत नाहीत, उड्या मारीत येतात. रस्ताही थोडा धक्के खातो. परंतु खेळ कार्ट्रिजवर असल्यामुळे तो कोठेही थांबत नाही. फाटे आहेत, निवड आहे, गाणे आहे. मोटार तांबडी आहे आणि समुद्र निळा आहे. ऐट गेली, गुळगुळीतपणा गेला. पण या तीन गोष्टींना धक्का लागला नाही. काय टाकून चालेल आणि काय टाकता येणार नाही, हे ज्याने ओळखले, त्याचे हे काम आहे.

याच्या उलट उदाहरण अमिगा व अटारी एसटी या संगणकांचे. आर्केडच्या पेटीत जो ६८००० प्रोसेसर होता, तोच त्यांच्यातही होता. अमिगापाशी तर चित्रे झपाट्याने हलविण्यासाठी वेगळी चिप होती. शब्दसंपत्तीची वाण नव्हती. तरीही तेथे जो ‘आउट रन’ उतरला, तो ओढग्रस्त निघाला, आणि त्या यंत्रांच्या मालकांनी त्याला नावे ठेवली. दोन्ही भाषा उत्तम जाणणाऱ्या विद्यार्थ्याने निर्जीव भाषांतर लिहून आणावे आणि मोडके इंग्रजी जाणणाऱ्याच्या चार ओळींत जीव असावा, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाचा आहे. साधनांची श्रीमंती आणि समज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

१९९० मध्ये पीसी इंजिनसाठी आणि १९९१ मध्ये सेगाच्याच मेगा ड्राइव्हसाठी निघालेल्या आवृत्त्या मुळाच्या पुष्कळच जवळ गेल्या. मेगा ड्राइव्हच्या आवृत्तीत भाषांतरकाराने ‘स्टेप ऑन बीट’ नावाची एक नवी सुरावट आपल्या पदरची घातली. ही आगळीक खरी. परंतु जुन्या तिन्ही सुरावटी जागच्या जागी ठेवून केलेली, म्हणून क्षम्य. पुढे १९९६ मध्ये सॅटर्न या यंत्रासाठी जे रूपांतर झाले, तेथे तर चमत्कारच घडला. मूळ यंत्र सेकंदाला ३० चित्रे दाखवी. सॅटर्नवर ६० दाखविण्याची सोय केली गेली. भाषांतर मुळाहून नितळ झाले! त्यानंतर एम टू या जपानी संस्थेने २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या ३डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी केलेल्या आवृत्तीत रस्त्याला खोलीही आली, आणि २०१८ मध्ये त्याच संस्थेने स्विचसाठी तो रुंद पडद्यावर आणला.

येथे आमच्या एका तरुण सहकाऱ्याचा आक्षेप असा की, आता मूळच जसेच्या तसे हाती येते. मग ती जुनी मोडकी भाषांतरे कवटाळण्यात बालपणाच्या लोभापलीकडे काय आहे? आक्षेप टाळण्यासारखा नाही. मूळ सहज मिळू लागले म्हणजे भाषांतर निरुपयोगी ठरते, हेच म्हणणे आज ग्रंथांविषयीही ऐकू येते. आणि ज्यांनी टॉल्स्टॉय व डोस्टोव्हस्की इंग्रजीतून किंवा मराठीतून वाचले, त्यांच्या वाचनावर ते पाणी सोडते. म्हणून त्याचे उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

पहिले उत्तर असे की, हा लोभ असता, तर आम्ही स्पेक्ट्रमला पहिला क्रमांक दिला असता. आमच्या आठवणी त्याच्या आहेत. पसंती मास्टर सिस्टिमची आहे, आणि त्या यंत्राला आमचा हात फार उशिरा लागला.

दुसरे उत्तर असे की, ‘जसेच्या तसे’ हा शब्द फसवा आहे. ३डीएसच्या आवृत्तीत फेरारीचे रूप मुद्दाम बदलावे लागले, कारण मूळ खेळात ती गाडी परवान्यावाचून घेतलेली होती. झुकणारी बैठक कोणत्याही घरगुती आवृत्तीच्या खोक्यात मावली नाही. १९९६ मध्ये अभ्यासासाठी इंग्लंडात असता समुद्रकाठच्या एका गावी ती पेटी आम्ही अखेर पाहिली आणि तिच्यात बसलो. वळणावर शरीर कलते तेव्हा हा खेळ डोळ्यांइतकाच पाठीने खेळावयाचा आहे, हे कळते; कोणत्याही आवृत्तीने ते आम्हांस सांगितले नव्हते. परंतु रस्ता मात्र ओळखीचा निघाला. कोठे वळण येणार, कोणता फाटा आल्प्सकडे नेतो, कोणते गाणे कोणत्या देखाव्याला शोभते, हे सारे आम्हांस आधीच ठाऊक होते. भाषांतराने जे दिले होते, ते खोटे ठरले नाही; अपुरे ठरले, एवढेच. शिवाय ज्या दुकानातून ३डीएसची ती आवृत्ती मिळे, तेच मार्च २०२३ मध्ये बंद झाले. पूर्ण प्रतीलाही आयुष्याची हमी नसते.

तिसरे उत्तर आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्याला सर्व काही उतरविता येते, त्याला निवडावे लागत नाही. आणि निवडावे लागले नाही, म्हणजे या कृतीत मोलाचे काय, याविषयी त्याचे मत आपल्याला कधीच कळत नाही. एम टूची नक्कल निर्दोष आहे, पण ती मुळाविषयी काही बोलत नाही. मास्टर सिस्टिमचा अनामिक कारागीर मात्र प्रत्येक झाडापाशी बोलतो: हे मी टाकले, हे ठेवले. त्याचे भाषांतर हीच त्या खेळाची आम्ही वाचलेली पहिली टीका होय. मूळ पेटी समोर असतानाही ती वाचावी, असे आम्ही म्हणतो. कारण रस्ता थांबता कामा नये, ही गोष्ट पेटीत बसणाऱ्याला आपोआप मिळते, आणि या कारागिराला ती पदरचे पुष्कळ काही देऊन मिळवावी लागली.