नोंदवहीतलं नाव

आईची व्हिसाची मुलाखत चार मिनिटंही चालली नसेल. बडोद्याहून रात्रीच्या गाडीनं आम्ही मुंबईला गेलो, पहाटे आत्याकडे अंघोळी उरकल्या आणि वकिलातीच्या रांगेत उभ्या राहिलो. आत फक्त तिलाच सोडलं. घराचे कागद, पेन्शनचं पासबुक, दादानं पाठवलेलं निमंत्रणपत्र असं सगळं एका फोल्डरमध्ये ओळीनं लावलं होतं. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं ते उघडायलाही सांगितलं नाही. दुभाष्यानं तिला विचारलं, ‘तुम्ही परत का याल?’ आई म्हणाली, ‘भाद्रपदात गौरी आहेत घरी.’

परत येण्याचं याहून पक्कं कारण आईपाशी दुसरं नव्हतं. सासूच्या मागे एकतीस वर्षं तिनं एकही साल चुकू दिलं नव्हतं. पण दुभाष्यानं त्याचं काय करून सांगितलं असेल, ते मला कधीच कळणार नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात नकाराचा छापील कागद होता. परतीच्या गाडीत सुरत येईपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्यांना वाटलं, मी तिथेच राहीन. मी कशाला राहीन गं?’

व्हिसाचा व्यवहार या संशयावरच उभा आहे. अमेरिकेच्या 1952 च्या कायद्यात तर तो लिहूनच ठेवलाय. पाहुणा म्हणून जाऊ पाहणारी बहुतेक माणसं कायमची राहायलाच निघाली आहेत असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे ज्याचं त्यानं पटवून द्यायचं. त्यामागची कारणं मला समजतात. पण सत्तरीच्या बाईनं आपण खोटं बोलत नाही हे काचेसमोर उभं राहून कशानं सिद्ध करायचं?

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघी संध्याकाळी सयाजीबागेत गेलो. बडोद्यातली जुनी माणसं तिला अजून कमाटीबाग म्हणतात. तिथल्या संकल्पभूमीपाशी आई टेकली. ती जागा लहानपणापासून पाहिलेली, पण तिथे काय घडलं ते मी फार उशिरा वाचलं होतं, आणि त्या संध्याकाळी ते वेगळंच आठवू लागलं.

1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. पासपोर्ट-व्हिसाची आजची सक्ती तेव्हा रुजलेली नव्हती. ती पहिल्या महायुद्धानं आणली, आणि भारतात पासपोर्टचा कायदा 1920 मध्ये झाला. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन करून ते 1917 च्या सप्टेंबरात, करारानुसार नोकरी करायला, बडोद्याला आले. न्यूयॉर्कमध्ये वसतिगृहात खोली मिळाली होती. बडोद्यात कोणी जागा देईना. एका पारशी धर्मशाळेत गेले, तर ती फक्त पारशांसाठी. तिथली नोंदवही भरायची होती. पारशी नाव लिहायचं, या बोलीवर व्यवस्थापकानं त्यांना ठेवून घेतलं. दिवसाला दीड रुपया.

ही नोंदवही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. अर्थशास्त्र शिकून आलेला सव्वीस वर्षांचा माणूस, दरबारच्या नोकरीवर हजर झालेला, आणि रात्री पाठ टेकायची तर दुसऱ्याचं नाव लिहायचं. वरच्या मजल्यावर अडगळ, वटवाघळं आणि एक कंदील यांच्या सोबतीनं ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेऊन माणसं आली. संध्याकाळपर्यंत जागा सोडायचं कबूल करावं लागलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे आसरा मागितला. दोघांनीही टाळलं. मग रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी याच बागेत काढला.

पुढे 1935–36 च्या सुमारास त्यांनी असे प्रसंग इंग्रजीत लिहून ठेवले. बडोदं आहेच, शिवाय 1901 मध्ये मसूर स्टेशनवर अडकलेली मुलं आहेत आणि दौलताबाद किल्ल्यातलं पाण्याचं टाकंही आहे. सगळं इथलंच. शीर्षकाचा अर्थ मात्र ‘व्हिसाची वाट पाहताना’. ते वाचल्यापासून व्हिसा हा शब्द मला फक्त परदेशाशी जोडता येत नाही.

ते वाचूनही मी काय केलं, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी सयाजीराव विद्यापीठात शिकणारी एक आफ्रिकन मुलगी, शिष्यवृत्तीवर आलेली, दांडिया बाजारातली आमची माडीवरची खोली बघायला आली. त्याआधी तिनं फतेगंजात किती उंबरे झिजवले होते कोण जाणे. कुठे स्वयंपाकाच्या वासाचं कारण सांगितलं, कुठे पोलिसांच्या कागदांचं. परदेशी माणूस ठेवला की चोवीस तासांच्या आत सी फॉर्म भरून कळवावं लागे, हे खरं. त्याला फार तर पंधरा मिनिटं लागत, हेही खरं. आणि मी तिला दारातच उभं ठेवून विचारू लागले. व्हिसा कधीपर्यंतचा आहे, इथे कोण ओळखीचं आहे, परत कधी जाणार.

प्रत्येक उत्तराला ती पिशवीतून एकेक कागद काढून दाखवत होती. तिचा फोल्डरही ओळीनं लावलेला होता.

आई आतून आली. तिनं तो फोल्डर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ‘ती काच आपल्या दाराला कधी बसवलीस?’ एवढंच म्हणाली. मला त्या मुलीकडे वर बघवेना.

त्याच दुपारी मी फॉर्म भरायला बसले. भारतातला पत्ता म्हणून आमचा पत्ता घातला. मुलीचं नाव लांबलचक, चार शब्दांचं. विद्यापीठातल्या मैत्रिणी तिला सोपं म्हणून ‘मीरा’ म्हणतात, तेच लिहिलं तरी चालेल, असं ती संकोचून म्हणाली. आईनं मान हलवली. चष्मा लावला, खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली, पासपोर्ट हातात घेतला, आणि एकेक अक्षर बोट ठेवून मला सांगू लागली. दुसऱ्या शब्दात माझं एक अक्षर चुकलं होतं. तिनं ते खोडून पुन्हा लिहायला लावलं.