मौद्याचं सॉर्टेक्स, बीजिंगचं पाकीट

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

तान्हा पोळा. इतवारीचे रस्ते सकाळपासून मारबतीच्या पुतळ्यांनी अडवलेले. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. नागपूरचं हायकोर्ट १९३६चं. म्हणजे या दोघी आमच्या कोर्टापेक्षा वयाने वडील. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत पोरं रोगराईपासून महागाईपर्यंत सगळं तिच्या माथी मारतात आणि ती बिचारी नेते.

आज सुट्टीच्या दिवशी नागपूरजवळच्या मौद्याचे राइस मिलवाले भाऊ गर्दीतून वाट काढत घरी आले. हातातल्या पिशवीत दोन पाकिटं, एक फोडलेलं, एक न फोडलेलं. फोडलेलं हाँगकाँगच्या एका मोठ्या लॉ फर्मचं: बीजिंगच्या लवादाने तुमच्याविरुद्ध निवाडा दिला आहे, एकवीस दिवसांत पैसे भरा. रक्कम व्याज आणि खर्च धरून चव्वेचाळीस लाखांच्या घरात.

“आणि हे न फोडलेलं?”

“ते दोन वर्षांखाली दिवाळीत आलं होतं जी. चिनी अक्षरं दिसली, मले वाटलं जाहिरात हाय.”

फोडलं. लवाद सुरू झाल्याची नोटीस होती. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. बाहेर डफड्यांचा आवाज.

२५ ऑगस्ट, सोमवार

कोर्टातून आल्यावर करार वाचला. करार कसला, प्रोफॉर्मा इन्व्हॉइसची मागची बाजू. तांदळाचे दाणे रंगावरून निवडणाऱ्या दोन मशिनी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट सॉर्टेक्स म्हणतात ते. साठ टक्के आगाऊ, चाळीस टक्के मशीन चालू करून दिल्यावर. भाऊंनी ते चाळीस टक्के दिलेच नाहीत, कारण मशीन नीट चाललं नाही असं त्यांचं म्हणणं. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात एक वाक्य: कुठलाही वाद सीटॅककडे जाईल, निर्णय अंतिम आणि दोघांवर बंधनकारक.

सीटॅक म्हणजे चीनची आंतरराष्ट्रीय आर्थिक आणि व्यापारी लवाद संस्था, १९५६ पासूनची. पन्नास लाख युआनपर्यंतचा, म्हणजे आपल्या सुमारे सहा कोटी रुपयांपर्यंतचा दावा तिथे संक्षिप्त पद्धतीने चालतो: एकच लवाद, उत्तराला वीस दिवस. करारात भाषा लिहिली नसेल तर कामकाज चिनी भाषेत. भाऊंच्या इन्व्हॉइसवर भाषेचा उल्लेखच नाही. वीस दिवसांत मौद्याहून चिनी भाषेत उत्तर! त्या वीस दिवसांत पाकीट पेढ्यांच्या खोक्याखाली होतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपतीचा दुसरा दिवस, तरी ज्युनिअर आली. वर्धा रोडच्या लॉ युनिव्हर्सिटीची मुलगी, हुशार. तिने पहिल्याच झटक्यात विचारलं, “सर, चाळीस-पंचेचाळीस लाखांसाठी हाँगकाँगची फर्म? त्यांची तासाची फीच केवढी असेल.”

उत्तर पत्रातच होतं. कारखानदाराने मालाच्या पैशांचा निर्यात विमा उतरवला होता. विमा कंपनीने त्याची भरपाई केली आणि त्याच्या जागी स्वतः उभी राहिली. तिच्याकडे अशा फायलींचा गठ्ठाच असणार. ब्राझीलची एक, नायजेरियाची एक, मौद्याची एक. ठोक भावात.

मग पत्राचा प्रवास कागदावर काढून दाखवला. चिनी कायद्यावर मत द्यायला बीजिंगची फर्म, कारण परदेशी फर्मला चिनी कायद्याची वकिली तिथे करता येत नाही. सूत्रं हलवायला हाँगकाँगची. आणि इथे अर्ज दाखल करायला दिल्लीची, कारण परदेशी वकील आपल्या कोर्टात उभा राहू शकत नाही. २०१८च्या ए. के. बालाजी निकालात सुप्रीम कोर्टाने एवढंच म्हटलं की त्यांनी अधूनमधून यावं, आपल्या देशाच्या कायद्यावर सल्ला द्यावा, आंतरराष्ट्रीय लवादाचं काम करावं आणि जावं. पुढे २०२३ मध्ये बार कौन्सिलने परदेशी वकिलांच्या नोंदणीचे नियम काढले, यंदा मे महिन्यात ते सुधारले. पण कोर्टाचा उंबरठा तसाच. त्याआधी २००९ मध्ये आपल्याच मुंबई हायकोर्टाने तीन परदेशी फर्म्सच्या संपर्क कार्यालयांना अटकाव केला होता. तेव्हा आम्ही बार रूममध्ये किती आनंदलो होतो! जणू न्यूयॉर्कचे लोक येऊन आमच्या भूसंपादनाच्या केसेस पळवणार होते.

तीन शहरांतल्या तीन फर्म्स आणि चौथा मी. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवला नाही की त्याचं भाडं आमच्यासारख्यांना जातं. हे मी तिला बोललो नाही. तिला या धंद्यात यायचं आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

ज्युनिअरने एक जुना धागा शोधला. परदेशी निवाडा भारतात वठवायचा तर तो देश परदेशी निवाडे मान्य करण्याच्या न्यूयॉर्क करारात असून भागत नाही. केंद्र सरकारने तो देश राजपत्रात अधिसूचित केलेला लागतो. भारताने तो करार १९६० मध्ये मंजूर केला, चीन १९८७ मध्ये सामील झाला, आणि आपल्या राजपत्रात चीनचं नाव आलं १९ मार्च २०१२ला, हाँगकाँग आणि मकाऊसकट. मधली पंचवीस वर्षं बीजिंगचा निवाडा इथे परदेशी निवाडा म्हणून वठतच नव्हता.

“भाऊंनी २०११ मध्ये मशीन घेतलं असतं तरी निवाडा २०१२ नंतरचा धरला असता,” ती म्हणाली. बरोबर आहे. ती वाट बंद.

आता अर्ज लागणार आमच्याच दगडी घुमटाखाली. लवाद कायद्यातल्या २०१५च्या दुरुस्तीपासून परदेशी निवाड्याचा अर्ज जिल्हा कोर्टात नाही, थेट हायकोर्टात. सोबत मूळ निवाडा, मूळ करार आणि वकिलातीने किंवा अन्य पुरेशा रीतीने प्रमाणित केलेलं भाषांतर. कोर्टाचं समाधान झालं की निवाडा त्याच कोर्टाचा हुकूमनामा समजायचा. आडवं यायला आमच्याकडे त्याच कायद्याचं कलम ४८. त्यातली कारणं मोजकी, आणि सुप्रीम कोर्टाने २०२०च्या विजय कारिया निकालात ती आणखी आवळून धरली. ‘नोटीस मिळाली नाही’ हे एक कारण आहे. आमच्या पाकिटावर चौकीदाराची सही आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

बातमी: चीनने काल आपला लवाद कायदा सुधारला, १९९४ नंतरची ही मोठी फेररचना. अंमल १ मार्च २०२६ पासून. परदेशाशी संबंधित वादात ‘सीट’ ही कल्पना त्यांनी आता कायद्यात घेतली.

सीट समजावताना मी अशिलांना एसटीचं उदाहरण देतो. गाडी फलाटाला लागली की माणूस खिडकीतून रुमाल टाकतो. मग तो कुठेही चहा पीत असो, जागा त्याची. लवादाची बैठक दुबईत होवो की झूमवर, सीट जिथली तिथल्या कोर्टाचा त्याच्यावर अंकुश. करारावर सही करताना ज्याचा रुमाल आधी पडला, त्याला घरची खिडकी. चिनी आणि भारतीय कंपन्या मोठ्या असल्या की भांडून शेवटी सिंगापूर धरतात, तिसऱ्याच्या दारात. शांघाय इलेक्ट्रिक आणि रिलायन्स इन्फ्राचं तसंच झालं. सासन वीजप्रकल्पाच्या यंत्रसामग्रीच्या हमीपत्रावरून सिंगापूरच्या लवादाने डिसेंबर २०२२ मध्ये १४.६ कोटी डॉलरचा निवाडा दिला. हमीपत्रच बनावट म्हणून रिलायन्स तिथल्या कोर्टात गेली, आणि २०२४ मध्ये हरली.

भाऊंच्या बसमध्ये रुमाल टाकायला आमच्या बाजूने कोणी फलाटावरच नव्हतं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मिलवर जाऊन आलो. हे आधी करायला हवं होतं. भंडारा रोडने मौदा यायच्या आधीच एनटीपीसीच्या चिमण्या दिसतात, २,३२० मेगावॅटचा कारखाना. त्यांच्या पायथ्याशी धानाची शेतं, धान निसवायच्या बेतात.

मिल बंद, नवा धान दिवाळीनंतर. पण भाऊंनी माझ्यासाठी मशीन चालू केलं. वरून तांदूळ उतरत्या पन्हाळ्यांतून सुटतो, दोन्ही बाजूंनी कॅमेरे, आणि काळा किंवा पिवळा दाणा दिसला की हवेची बारीक फुंकर त्याला बाजूला उडवते. एका सेकंदात हजारो दाणे. कान लावला तर तडतड ऐकू येते, लाह्या फुटल्यासारखी.

“पाहा आता,” भाऊ म्हणाले. दहा मिनिटांत एका बाजूची तडतड मंदावली. खाली चांगल्या तांदळात काळे दाणे यायला लागले. उलट टाकाऊच्या पोत्यात पांढराशुभ्र एचएमटी. (या तांदळाचं मला नेहमी नवल वाटतं. नागभीडकडच्या नांदेड गावात दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारक शेतकऱ्याने वाण निवडला आणि नाव पडलं घड्याळाचं.) सरकारी भरडाईत असा तांदूळ परत येतो. नुकसान खोटं नाही.

मिस्त्रीला मी बाजूला घेतलं. तो म्हणाला, हवेत पाणी येते साहेब. कॉम्प्रेसर जुनाच, ड्रायर छोटा. पावसाळ्यात टाकीचा नळ सोडला की तांब्याभर पाणी निघते. ते पाणी फुंकरीच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते.

“कंपनीला सांगितलं होतं?”

“इंजिनेअर येणार होता ना जी चीनहून. त्याले व्हिसाच नाई भेटला.”

२०२२ची गोष्ट. गलवानच्या चकमकीनंतरचा काळ, चिनी तंत्रज्ञाला व्हिसा मिळणं मुश्कील. मग मशीन चालू केलं व्हिडिओ कॉलवर, मिस्त्रीच्या पुतण्याने मोबाइल धरून. तिकडचा माणूस इंग्रजीत काही विचारायचा, इकडून ‘ओके ओके’. त्या ओके-ओकेचा स्क्रीनशॉट निवाड्यात पुरावा म्हणून लागला आहे: खरेदीदाराने मशीन स्वीकारलं.

परतताना गाडीत मी गप्प होतो. निवाडा चूक आहे असं म्हणवत नव्हतं. बरोबर आहे असंही नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

काल सुप्रीम कोर्टाने सेपको विरुद्ध जीएमआर कमलंगाचा निकाल दिला. ओडिशातला वीजप्रकल्प, चिनी कंत्राटदार, सुमारे ९९५ कोटींचा निवाडा. ओडिशा हायकोर्टाने तो २०२३ मध्ये रद्द केला होता, ते कायम. खंडपीठावर सरन्यायाधीश गवई आणि न्या. मसीह. गवईसाहेब अमरावतीचे, वकिली आमच्याच खंडपीठापुढे केलेली, त्यामुळे बार रूममध्ये चहाबरोबर चर्चा. मुद्दा असा की करारात ठरलेल्या नोटिसा न देता केलेले दावे लवादाने एका बाजूचे मान्य केले आणि दुसऱ्या बाजूला मात्र त्याच नोटिशीच्या अटीत अडकवलं. दोघांना एक माप नाही.

भाऊंचा दुपारी फोन, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं. “चायनावाले हरले म्हणते! आपलंबी होईल?”

नाही होणार. तिथे सीट भारतात होती, म्हणून इथल्या कोर्टाला निवाडा रद्द करता आला. आपला निवाडा रद्द करायचा तर बीजिंगला जावं लागेल. इथे फक्त वठवू नका एवढंच म्हणता येतं. हे त्यांना सांगायला वीस मिनिटं लागली आणि तरी ते खट्टू झाले. लांबून आलेला दुसऱ्याचा विजय माणसाला लगेच आपला वाटतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन. दीक्षाभूमीकडे जाणारे सगळे रस्ते निळे. शहर दोन दिवस पायी चालणाऱ्यांचं आहे, वकिलांचं नाही. तिकडे चीनमध्येही राष्ट्रीय दिनाची सुट्टी, आठ तारखेपर्यंत. विमा कंपनीचा मेल आपोआप उत्तर देतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

व्हिडिओ कॉल. आमचे सकाळचे अकरा, त्यांचे दीड. हाँगकाँगची वकील बाई तिशीची, अतिशय नम्र. दिल्लीचे साहेब कॅमेरा बंद ठेवून. माझ्याकडे कायद्याचा मुद्दा कच्चा होता, म्हणून मी काढलाच नाही. मिस्त्रीने काढलेला पाण्याच्या तांब्याचा व्हिडिओ दाखवला, टाकाऊच्या पोत्यातल्या पांढऱ्या तांदळाचा फोटो दाखवला, आणि एवढंच म्हणालो की नागपूर खंडपीठात अर्ज, मग आक्षेप, मग दिल्लीपर्यंत अपील. तुमच्या अशिलाचा तीन शहरांतला खर्च आणि माझ्या अशिलाचा एका शहरातला.

बाई हसल्या. मग त्यांनी जे विचारलं ते दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं: “कारखानदाराचा इंजिनेअर कॉलवर घेऊ का?”

तो आला. दुभाषी बाईच. त्याने निवाड्याबद्दल एक शब्द काढला नाही. ड्रायरचं मॉडेल विचारलं, दवबिंदू किती येतो ते विचारलं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी भाऊंकडे. तो आम्ही कधी मोजलाच नव्हता. मग त्याने कबूल केलं की त्या वर्षीच्या मशिनींत व्हॉल्व्हची एक खेप कमजोर निघाली होती. बाईंनी हे भाषांतर करताना क्षणभर थांबून घेतलं. वकील म्हणून ते त्यांना नको असणार. पण केलं, पूर्ण केलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

पाच वर्षांनी आज रात्री कोलकात्याहून ग्वांगझौला थेट विमान. भाऊंना त्याचं भारी अप्रूप, कारण तडजोडीत इंजिनेअरचं येणं आहे. मुद्दलातले साठ टक्के तीन हप्त्यांत, व्याज माफ, व्हॉल्व्हचे दोन संच फुकट. ड्रायर भाऊंनी स्वतः घ्यायचा, घेतलाही, मोठा.

मसुदा काल रात्री आला. शेवटचं कलम वाद झाल्यास कुठे, आणि तिथे त्यांनी पुन्हा बीजिंग लिहिलं होतं, सवयीने. मी खोडून नागपूर लिहिलं. त्यांनी खोडून सिंगापूर. एक लवाद, भाषा इंग्रजी. भाऊंना फोन केला.

“सिंगापूरले जा लागन का?”

“नाही, कॉलवर होतं.”

“मग राहू द्या. पण त्या कागदावर मौद्याचा पत्ता बदला. मिलवर कुरिअर घ्यायला आता सूनबाई बसते. अन् तो इंजिनेअर सावजी खाते का, ते विचारून ठेवा.”

पत्ता बदलून मसुदा परत पाठवला. सावजीचं बाईंना वेगळ्या ओळीत विचारलं आहे.