पट मुलांचा, हिशेब मोठ्यांचा

‘आपली शाळा मुलांसाठी चालते की मोठ्यांसाठी?’ या प्रश्नावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि पालघर जिल्ह्यातल्या मनोर पट्ट्यातली एका पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा डोळ्यांपुढे आली. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. त्यातल्या बाईंची आंतरजिल्हा बदली झाली, त्या कार्यमुक्त झाल्या आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही. उरलेले गुरुजी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. मी गेलो तेव्हा ते ओट्यावर मतदारयादीचे अर्ज तपासत बसले होते. आत चौथीतली एक मुलगी फळ्यावरच्या अक्षरांवर पट्टी ठेवून पहिलीच्या पोरांकडून बाराखडी म्हणून घेत होती. चांगली घेत होती. पण तिचा स्वतःचा भागाकार कोणी घ्यायचा?

लोक लगेच म्हणतात, मास्तरांना फुकटचा पगार. माझी हयात याच जिल्ह्यात गेली, आधी शिक्षक म्हणून, मग केंद्रप्रमुख म्हणून. हे वाक्य ऐकून मी थकलो आहे. त्या बाईंचा नवरा आणि लहान मूल मराठवाड्यात. पती-पत्नी एकत्रीकरण हा त्यांचा नियमातला हक्क आहे. गुरुजींचं निवडणुकीचं कामही कायदेशीरच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नेच जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना सूट दिली आहे. सगळे नियमाने वागले आणि तरी वर्ग उघडा पडला. मला सलतं ते हेच.

बदलीचं धोरण बघा. 7 एप्रिल 2021 च्या शासन निर्णयाने ‘अवघड क्षेत्रा’चे निकष ठरवले: डोंगराळ भाग, जंगल, पाऊस, रस्ता, मोबाइलची रेंज. अशा ठिकाणी सलग 3 वर्षं काढली की शिक्षकाला बदलीचा अधिकार मिळतो. शिक्षकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. पण घरी वारली बोलणाऱ्या किती मुलांना पुस्तकातली मराठी कळत नाही, किती मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात, हे या निकषांत कुठे आहे? गाव मोठ्यांना किती अवघड, तेवढंच मोजलं जातं.

आता संचमान्यता. हा विषय वाचकांना रुक्ष वाटेल, पण शाळेची नाडी इथेच आहे, म्हणून थोडा धीर धरा. कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणारा तक्ता म्हणजे संचमान्यता. तो 30 सप्टेंबरच्या पटावर निघतो आणि पटात तेच मूल धरलं जातं ज्याचं आधार वैध आहे. 15 मार्च 2024 च्या निर्णयाने हे निकष आणखी आवळले. सहावी ते आठवीला 20 पेक्षा कमी मुलं असतील, तर तिथे पदच मंजूर होत नाही.

तारीख पुन्हा वाचा. 30 सप्टेंबरला विक्रमगड, जव्हार, मोखाड्याची मुलं पाड्यावरच असतात. भाताची कापणी आटोपली, दिवाळी झाली, की कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या भट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. मूल पटावर इकडे, प्रत्यक्षात तिकडे. शिक्षण हमी पत्रक त्याच्या हाती द्यावं आणि भट्टीजवळच्या शाळेने त्याला बसवून घ्यावं, अशी सोय आहे. पण त्या शाळेचा तक्ता सप्टेंबरातच ठरलेला. मूल जाईल, शिक्षक जात नाही.

बोईसरला नेमकं उलटं. तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांची मुलं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून येतात. कुणाचं आधार नाही, कुणाचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं. दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट आहे. म्हणून मूल वर्गात बसतं. पण आधार जुळेपर्यंत ते संचमान्यतेत नसतं. सरावली, खैरापाडा भागातल्या खोल्यांमधून निघालेलं असं पोर बाकावर तिसरं म्हणून दाटीने बसतं, आणि सरकारी हिशेबात ते जन्मलेलंच नसतं. मग पालक कर्ज काढून गल्लीतल्या, प्रसंगी अनधिकृत, इंग्रजी शाळेत त्याला घालतात आणि आपण म्हणतो, झेडपी शाळेवर लोकांचा विश्वास उरला नाही.

हे बदलणार नाही असं मला कोणी सांगू नये. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. लहानग्यांसाठी अंगणात अंगणवाडी भरवली. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. या कामाचा मला अभिमान आहे. तिथे आधी मूल कुठे आहे ते पाहिलं आणि मग वेळ, जागा, माणूस ठरवला. आपली व्यवस्था पद आधी ठरवते आणि मुलाने तिथे पोचावं अशी अपेक्षा धरते.

माझ्या मागण्या साध्या आहेत. बदली जरूर द्या, पण बदली शिक्षक हजर झाल्याशिवाय पाड्यावरच्या शिक्षकाला कार्यमुक्त करू नका. पट जानेवारीत पुन्हा मोजा, आणि तो वर्गात बसलेल्या मुलांचा मोजा. स्थलांतराच्या महिन्यांत पाड्यावरचं एक पद भट्टीजवळच्या शाळेला द्या.

आणि पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य तुम्ही असता. शिक्षक कार्यमुक्त होण्याच्या दिवशी समितीचा ठराव करा, बदली शिक्षक कधी येणार ते लेखी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत गटशिक्षणाधिकाऱ्यांचं दार सोडू नका. शिक्षकांना संघटना आहेत, अधिकाऱ्यांना संघटना आहेत. मुलांना तुमच्याशिवाय कोणी नाही.