स्ट्रासबर्गचे शिंग

फ्रान्स देशात ऱ्हाईन नदीच्या काठी स्ट्रासबर्ग हे पुरातन शहर आहे. तेथील महामंदिराचा तांबूस दगडी मनोरा १४२ मीटर उंच आहे. तो पाहण्याचा योग आम्हांस आला. पण त्याच्या पायथ्याशी उभे असता आमचे मन हर्षापेक्षा विषादानेच अधिक भरून आले.

१३४८ साली युरोपात महामारीने थैमान मांडले होते. यहुद्यांनी विहिरींत विष कालविले, अशी वदंता गावोगाव पसरली. काहींना यातना देऊन तसे वदविण्यात आले व ते कबुलीजबाब पत्रांद्वारे शहरोशहरी फिरले. पोप सहावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी आज्ञापत्रे काढून बजावले की, ही साथ यहुद्यांनाही मारते, आणि जेथे यहुदी नाहीत तेथेही पसरते. सबब हा आरोप निराधार आहे. स्ट्रासबर्गचे नगरप्रमुख पेटर श्वार्बर हेही यहुद्यांच्या रक्षणास उभे राहिले. परंतु कारागीर-संघांनी त्यांना पदच्युत केले, आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजी यहुद्यांना त्यांच्याच दफनभूमीत लाकडी मंचावर जाळण्यात आले. स्नानसंस्कार स्वीकारणारे तेवढे वाचले. प्रिय वाचकहो, जाळणारे हात ख्रिस्ती होते. हे आम्ही लपवू इच्छीत नाही.

याहून मन सुन्न करणारी गोष्ट अशी की, त्या दिवशी महामारी शहरात आलेलीच नव्हती! ती आली उन्हाळ्यात. रोगाच्या आधी भय येऊन पोहोचले होते, आणि भयाच्या पाठोपाठ लोभ. ऋणकोंची कर्जे रद्द झाली, गहाणवस्तू परत मिळाल्या, रोकड वाटून घेण्यात आली.

पुढे कित्येक शतके महामंदिरावरून रात्री शिंग फुंकले जाई. दिवसा कामासाठी आलेल्या यहुद्यांस शहरात रात्र काढण्याची मुभा नव्हती. त्या अन्यायाची आठवण त्या शिंगाच्या रूपाने शहरात घुमत राहिली, पण ऐकणाऱ्यांस ती अन्याय वाटत नव्हती.

हे दूरदेशीचे म्हणून आपण निर्धास्त राहू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. तेथेही आधी आली ती अफवाच.

म्हणून, उद्या आपल्या वेशीवर परका माणूस दिसला आणि कोणी कानाशी काही कुजबुजले, तर चार माणसे गोळा करण्यापूर्वी त्याला त्याचे नाव विचारावे, आणि आपल्या विहिरीचे तांब्याभर पाणी द्यावे.