अण्णांची जावा

वडिलोपार्जित म्हणून माणसाच्या वाट्याला काय काय येते! कुणाला वाडा येतो, कुणाला कर्ज येते, कुणाला नुसताच तापट स्वभाव. मला एक मोटारसायकल आली. ती चालत नव्हती; आणि न चालणारी वस्तू टाकून द्यायचे धैर्य आमच्या घराण्यात कुणालाच नाही. त्यामुळे करकंबच्या आमच्या घरी, गोठ्याच्या कोपऱ्यात, गोणपाटाखाली ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ उभी होती. कोंबडी तिच्या सीटवर अंडी घाली, एवढाच तिचा संसाराला उपयोग. पाहुण्यांना मात्र मी अभिमानाने सांगत असे, "वडिलांची आहे. जपून ठेवली आहे."

अण्णा गुरांचे डॉक्टर. १९६९ साली त्यांनी ही जावा घेतली. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियातली; म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती १९६१ पासून बनू लागली. पुढे तिचीच येझदी झाली आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. अडीचशे सीसीचे एकच सिलिंडर, पण धूर सोडायला सायलेन्सर दोन. सगळ्यांत मौज तिच्या डाव्या पायाशी असलेल्या दांड्याची. किक मारायची ती त्यानेच आणि गिअर टाकायचा तोही त्यानेच! "एकच बैल औताला चालतो आणि गाडीलाही चालतो," अण्णा म्हणत, "मग दांड्यानं काय पाप केलंय?"

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या पुण्याहून आला. आयटीआय करून तो तिथे एका गॅरेजात काम करतो. त्याने गोणपाट उचलले, कोंबडीला हाकलले आणि गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. म्हणाला, "काका, हिची चॉपर करू या."

'चॉप' या शब्दाने माझ्या डोळ्यांपुढे खाटकाचा ठोकळा उभा राहिला. आणि खरे सांगतो, मी फारसा चुकलो नव्हतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी परतलेल्या सैनिकांनी आपल्या जड मोटारसायकलींचे मडगार्ड छाटायला सुरुवात केली. पुढे कॅलिफोर्नियातल्या हौशी लोकांनी थेट चासीलाच करवत लावली. हँडलची मान कापून तिरपी करायची, पुढचे शॉकअप लांबवायचे, मागचे काढूनच टाकायचे, हँडल खांद्यापर्यंत उंच न्यायचे, आणि स्वार असा रेलून बसायचा की जणू ओसरीवरच्या आरामखुर्चीतच फिरायला निघाला आहे! अण्णांनी जावा घेतली त्याच १९६९ साली 'ईझी रायडर' या चित्रपटाने ही तऱ्हा जगाला दाखवली. त्यातल्या गाड्या पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसनपासून केलेल्या. त्या घडवण्यात बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिराचा मोठा हात होता. पण त्याचे नाव लोकांना कळायला कितीतरी वर्षे जावी लागली. आपल्याकडे मुंबईच्या अक्षय वर्दे यांनी बुलेटच्या इंजिनावर चॉपर घडवल्या आणि आपल्या कारखान्याला नाव दिले 'वर्देंची'. हे ऐकून मात्र माझे मन जरा निवळले. लोणचे जसे जोशीकाकूंचे, तशी मोटारसायकल वर्देंची!

तरीही मी "नाही" म्हणालो. अण्णांच्या गाडीला करवत लावायची म्हणजे काय? पुतण्या हिरमुसला. "निदान पुसू तर द्या," म्हणाला.

पुसता पुसता तो गंज खरवडू लागला आणि मरून रंगाखालून वेल्डिंगच्या गाठी वर आल्या. एक नाही, चार-पाच. मागच्या नळीला पट्टी, डाव्या अंगाला एक लांबट पायटा, हँडल तर मूळचे नव्हेच. आम्ही दोघे कोड्यात पडलो असताना आई काठी टेकत आली. तिला आता चौऱ्याऐंशी झाली आहेत.

"ही पट्टी औषधाच्या पेटीखालची," ती म्हणाली. "पेटीच्या वजनानं नळी मोडली, तवा पंढरपुरात डाग दिला. आन् हा पायटा माझा. लुगड्यात एका अंगानं बसायचं म्हंजे पाय कुठं ठिवायचा? एकदा चंद्रभागेच्या वाळवंटात आडवं झालो दोघंबी, तवा हँडल वाकलं. हे दुसरं बसवलं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्यांनी तरी कुठं जशीच्या तशी ठिवली हुती? जशी लागंल तशी करून घेत गेले. तूच तेवढी झाकून ठिवलीस. का रं?"

उत्तर माझ्यापाशी होते. १९९८ च्या मार्चात अण्णा अंथरुणाला खिळले होते आणि गाडी काही महिने बंद होती. एका संध्याकाळी ते म्हणाले, "कार्बोरेटर साफ करून एकदा चालू कर. आवाज ऐकू दे." मी सोलापुरात कचेरीत नोकरीला, मार्चअखेरची कामे डोक्यावर. "पुढच्या रविवारी करतो," म्हणालो. त्या रविवारच्या आधीच, शुक्रवारी पहाटे, अण्णा गेले. गोणपाट टाकले ते मीच. गाडी दिसू नये म्हणून टाकले. ते जपण्यासाठी आहे, असे लोकांना सांगता सांगता मलाही तसेच वाटू लागले होते.

त्या रात्री मी पुतण्याला होकार दिला. अट एकच: नंबर कोरलेल्या चासीला करवत लावायची नाही. जे काढायचे ते नटबोल्ट सोडून काढायचे आणि ट्रंकेत ठेवायचे. आईचीही एक अट होती: तिची मागची सीट आणि तिचा पायटा राहिला पाहिजे. चॉपरला मागची सीट! पुतण्याने कपाळावर हात मारून घेतला.

कायद्याचीही एक बाजू होती. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीचे मूळ रूप मनास येईल तसे बदलता येत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर सुरू होणारी छोटी जीप घरीच बनवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक करताना हेही म्हटले होते की, नियमांमुळे ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल. म्हणून २०२२ साली त्यांनी ती घेऊन लोहारांना नवी बोलेरो दिली. आमच्या जावाला बोलेरो कोण देणार? तेव्हा ती फक्त आमच्या शेतातल्या वाटेवरच चालेल, हे आधीच ठरले.

मग गोठ्याचा कारखाना झाला. अडकलेला पिस्टन डिझेलमध्ये भिजवून हलवला. रिंगा बदलल्या, ऑइल सील बदलले. पुढच्या शॉकअपचे नळे लेथवरून चार इंच लांब करून आणले; मागच्या स्प्रिंगांच्या जागी लोखंडी दांडे आले. गाडीचे नाक वर उचलले गेले. अशी गाडी सरळ वाटेवर स्थिर असते, पण वळायला बैलगाडीएवढी जागा मागते. पायटे पुढे नेले, तेव्हा त्या दुहेरी दांड्याने घोळ घातला. पाय पुढे गेला, गिअर मागे राहिला! शेवटी एक सळई जोडून पायाची हालचाल मागे पोचवली. किक मात्र जुन्याच जागी राहिली.

आमच्या करकंबची बाजार आमटी प्रसिद्ध आहे. बाजाराला आलेल्या लोकांनी आपापल्या डाळी एकत्र करून ती शिजवली, असे सांगतात. आमच्या गाडीचेही तसेच झाले. कुणी जुना हेडलाइट दिला, कुणी येझदीची क्लच प्लेट, शेजारच्याने ट्रॅक्टरचे बोल्ट. ज्यांच्या गाई-म्हशी अण्णांनी वाचवल्या होत्या त्यांची ही मुले. पैसे कुणी घेईना.

वसुबारसेला संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाल्यावर आईने उरलेले हळदकुंकू जावाच्या टाकीला लावले. पुतण्या बाजूला झाला आणि म्हणाला, "काका, किक तुम्ही मारा."

अकरा वेळा मारली. बाराव्या वेळी दोन्ही सायलेन्सरांतून निळसर धूर निघाला आणि तो आवाज गोठाभर झाला. मी दांड्यावरचा पाय काढायचेच विसरलो.

आई एका अंगाने बसली. पाय बरोबर पायट्यावर गेला. पुतण्या पुढे आरामखुर्चीतल्या संस्थानिकासारखा रेललेला, मागे नऊवारीतली आई, आणि बाजूने तिला धरून चालणारा मी, अशी आमची मिरवणूक उसाच्या कडेने माणसाच्या चालीने निघाली. बांधापाशी गाडी थांबली तेव्हा मी आईला विचारले, "कशी वाटली?"

"बैठक लई वाईट हाय," आई म्हणाली. मग थोडे थांबून, "आवाज त्योच हाय."

कोंबडी दोन दिवस सीट शोधत गोठाभर फिरली. तिसऱ्या दिवशी मी त्या गोणपाटाची घडी करून तिला कोपऱ्यात घालून दिली.